टाळ्यांचा कौल आणि कराराचा कागद

देवापुढे कौल लावावा, उजवा कौल मिळावा, आणि आता कार्य सिद्धीस जाणार अशा निश्चिंत मनाने माणसाने घरी परतावे, ही आमच्याकडील देवळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे. पुढे लोकशाही आली आणि ‘लोकांचा कौल’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. दूरचित्रवाणी आली आणि तो गाण्याच्या स्पर्धांनाही लागू पडला. आडगावची एखादी मुलगी रंगमंचावर उभी राहते, गाते, लोक टाळ्या वाजवितात किंवा मते पाठवितात, ती पहिली येते, आणि काही महिन्यांत तिच्या गाण्यांचा पहिला संग्रह बाजारात येतो. प्रेक्षकांची समजूत अशी होते की, आपण कौल दिला. आता पुढचे सारे तिच्या गळ्यावर आणि तिच्या दैवावर अवलंबून आहे. ही समजूत कितपत खरी, याचा विचार एका जुन्या उदाहरणाच्या आधारे करण्याचे आम्ही योजले आहे. उदाहरण अमेरिकेतील आहे. गायिकेचे नाव पॅट्सी क्लाइन. स्पर्धेचा दिवस २१ जानेवारी १९५७. आणि तिची पहिली लाँग प्ले तबकडी बाहेर पडली ती त्याच वर्षी ५ ऑगस्ट रोजी.

इतक्या दूरचे उदाहरण का घ्यावे, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर असे की, गळा तोच, ध्वनिमुद्रण करणारा तोच, तबकडी काढणारी कंपनीही तीच, आणि बदलला तो केवळ एक करारनामा, असा प्रसंग कलेच्या इतिहासात सहसा सापडत नाही. पॅट्सीच्या चरित्रात तो घडला. कराराचा कलेवर नेमका काय परिणाम होतो, हे तिच्या पहिल्या तबकडीइतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

घर, चर्च आणि गाणे

तिचे मूळ नाव व्हर्जिनिया पॅटर्सन हेन्सली. जन्म ८ सप्टेंबर १९३२ रोजी व्हर्जिनिया राज्यातील विंचेस्टर या गावी झाला. शेनँडोआ नदीच्या खोऱ्यातील सफरचंदांच्या बागांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. बाप सॅम्युएल हेन्सली लोहारकाम करी. आई हिल्डा मुलीच्या जन्मसमयी केवळ सोळा वर्षांची होती. बाप कामाच्या शोधात गावोगाव बिऱ्हाड हलवीत असे, आणि १९४७ साली तो घर सोडून गेला तो गेलाच. हिल्डाबाईंनी शिवणकामावर तीन मुले वाढविली. व्हर्जिनिया थोरली. तिने शाळा अर्धवट सोडली आणि गावातील एका औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकांना सोडा आणि सरबते देण्याची नोकरी धरली. दिवसा दुकान आणि रात्री गाणे, असा तिचा क्रम होता.

तिच्या गाण्याचे पहिले व्यासपीठ म्हणजे बाप्टिस्ट पंथाचे चर्च. तेथे ती आईबरोबर स्तोत्रे म्हणे. देवळाच्या सभामंडपात भजनाला बसता बसता आवाज घडल्याच्या कथा आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नकोत. उपासनेच्या जागी गाणारा गळा श्रोत्यांना रिझविण्याच्या चिंतेतून मुक्त असतो, आणि म्हणूनच तो मोकळा होतो. तेराव्या वर्षी तिला संधिवाताच्या तापाचे मोठे दुखणे आले. त्या दुखण्यातून उठल्यावर आपला आवाज भरदार झाला, असे ती पुढे सांगत असे. वैद्यकशास्त्र याला मान्यता देवो अथवा न देवो, तो आवाज भरदार होता यात वाद नाही.

ज्याला अमेरिकेत ‘कंट्री’ म्हणतात ते संगीत म्हणजे दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातील वसाहतकऱ्यांचे गाणे. स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या लोकांची कथागीते आणि फिड्‌ल, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी घडविलेला बँजो, आणि चर्चमधील स्तोत्रे, या साऱ्यांच्या मिश्रणातून ते सिद्ध झाले. १९२५ साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरच्या नभोवाणीने या गाण्याचा एक साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. तोच ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाने प्रसिद्धीस आला. कंट्री गायकाला ऑप्रीच्या मंचावर जागा मिळणे म्हणजे वारकऱ्याला पंढरीत उतरावयास मिळण्यासारखे. १९४८ साली ही विंचेस्टरची मुलगी नॅशव्हिलला जाऊन ऑप्रीसाठी परीक्षा देऊन आली. तिकडून बोलावणे आले नाही.

त्यानंतरची आठ-नऊ वर्षे ती गावोगावच्या जत्रांत, नृत्यगृहांत आणि लहान नभोवाणी केंद्रांवर गात राहिली. १९५२ च्या सुमारास बिल पीअर नावाच्या वाद्यवृंदप्रमुखाने ‘पॅटर्सन’ या तिच्या मधल्या नावावरून तिला ‘पॅट्सी’ हे नाव दिले. १९५३ साली जेराल्ड क्लाइन याच्याशी विवाह झाल्याने आडनाव लाभले. तो विवाह टिकला नाही. नाव मात्र टिकले. तिचे झालरींचे कंट्री पद्धतीचे पोशाख हिल्डाबाई स्वतः शिवीत.

१९५४ चा करार

३० सप्टेंबर १९५४ रोजी पॅट्सीने एका करारनाम्यावर सही केली. तेव्हा तिला बावीस वर्षे पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते. करार कॅलिफोर्नियातील ‘फोर स्टार’ या लहानशा कंपनीशी होता आणि तिचा प्रमुख बिल मॅकॉल हा होता. व्यवसायाने वकील असल्यामुळे या करारातील अटींकडे आमचे लक्ष तिच्या गाण्याइतकेच वेधले गेले, हे आम्ही लपवीत नाही.

पहिली अट पैशाची. तबकडीच्या विक्रीवर गायिकेला मिळणारी रॉयल्टी २.३४ टक्के होती. त्या काळी सामान्य प्रघात पाच टक्क्यांच्या आसपासचा होता. म्हणजे निम्म्याहून कमी. शिवाय ध्वनिमुद्रणाचा खर्च तिच्याच वाट्यातून वळता व्हावयाचा. परंतु या अटीपेक्षाही दूरगामी होती ती दुसरी. ज्या गाण्यांचे प्रकाशनहक्क फोर स्टारकडे आहेत तीच गाणी पॅट्सीने मुद्रित करावीत, असे बंधन तिच्यावर होते. या अटीमागचा हिशेब वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. तबकडी विकली गेली की गायिकेला एक हिस्सा मिळतो आणि गाण्याच्या प्रकाशकाला निराळा. मॅकॉल तबकडीचा धनी होता आणि गाण्याचाही. त्यामुळे गायिकेने बाहेरचे चांगले गाणे म्हणण्यापेक्षा घरचे सामान्य गाणे म्हणणे त्याच्या पथ्यावर पडत असे.

यात तिसरा पक्षही होता. फोर स्टारकडे मोठी विक्रीयंत्रणा नव्हती. म्हणून पॅट्सीची मुद्रणे डेक्का या बलाढ्य कंपनीकडे भाड्याने दिली जात. डेक्काच्या बाजूने नॅशव्हिलचे ओवेन ब्रॅडली ध्वनिमुद्रण पाहत. ब्रॅडली हे उत्तम जाणकार, पियानोवादक आणि संयमी गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच भेटीत या गळ्याची जात ओळखली. परंतु गाणी निवडण्याची मुभा त्यांनाही नव्हती. मॅकॉलकडून येणाऱ्या गाण्यांतूनच त्यांना निवड करावी लागे. १९५५ आणि १९५६ या दोन वर्षांत निघालेल्या तबकड्यांपैकी एकीनेही श्रोत्यांचे लक्ष वेधले नाही.

२१ जानेवारीची रात्र

न्यूयॉर्कहून प्रक्षेपित होणाऱ्या आर्थर गॉडफ्रे यांच्या ‘टॅलेंट स्काउट्स’ या कार्यक्रमाला त्या काळी मोठी लोकप्रियता होती. १९४६ साली तो नभोवाणीवर सुरू झाला आणि दोन वर्षांनी दूरचित्रवाणीवर आला. रचना सोपी होती. एक ‘शोधक’ येऊन आपण शोधलेल्या कलावंताची ओळख करून देई. कलावंत आपली कला सादर करी. आणि अखेरीस टाळ्यांचा आवाज मोजणाऱ्या यंत्राचा काटा ज्याच्या वेळी अधिक वर चढेल तो विजयी ठरे. हा कौल अचूक होता असे नाही. कार्यक्रमाच्या निवड-परीक्षेत ज्यांना नाकारण्यात आले त्यांत १९५५ साली एल्व्हिस प्रेस्ली होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पॅट्सीला घेऊन ‘शोधक’ म्हणून आल्या त्या हिल्डाबाई. त्यांचे आडनाव हेन्सली, मुलीचे क्लाइन. मायलेकींचे नाते पडद्यावर कोणाला कळण्याचे कारण नव्हते. आईने शिवलेला झालरींचा पोशाख घालून गावे असे पॅट्सीच्या मनात होते; कार्यक्रमाच्या चालकांनी तिला शहरी समारंभास शोभेल असा पोशाख घालावयास लावला. गाणे कोणते म्हणावे यावरही मतभेद झाला. तिचा ओढा ‘अ पुअर मॅन्स रोझेस’ या गाण्याकडे होता. चालकांनी आग्रह धरला तो ‘वॉकिन् आफ्टर मिडनाइट’ या गाण्याचा. अॅलन ब्लॉक आणि डॉन हेक्ट यांनी रचलेले हे गाणे तिने ८ नोव्हेंबर १९५६ रोजी नॅशव्हिल येथे मुद्रित केले होते, पण ते तिला मुळीच आवडत नसे. त्यात कंट्रीचा अस्सलपणा नाही असे तिला वाटे.

तिने ते गाणे म्हटले. टाळ्यांच्या यंत्राचा काटा वर चढून राहिला. विंचेस्टरच्या औषधांच्या दुकानातील मुलगी एका रात्रीत देशाला ठाऊक झाली. डेक्काने तबकडी घाईघाईने ११ फेब्रुवारी रोजी बाजारात आणली. कंट्री गाण्यांच्या यादीत तिला दुसरे स्थान मिळाले आणि सर्वसाधारण लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बारावे. कंट्री गायिकेचे गाणे शहरी यादीत इतके वर जाणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

येथे एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे आहे. ज्या गाण्याने पॅट्सीला कीर्ती दिली ते गाणे फोर स्टारच्याच मालकीचे होते. ते मॅकॉलने पुढे केले, चालकांनी निवडले, आणि गायिकेला ते नको होते. तेव्हा गायिकेची निवड नेहमी बरोबर आणि कंपनीची नेहमी चूक, असा सोपा निष्कर्ष काढून हा लेख येथेच संपविता येत नाही.

पहिली तबकडी

यशस्वी गाण्यामागोमाग लाँग प्ले तबकडी काढावी, हा धंद्याचा सरळ नियम. पाच ऑगस्टला निघालेल्या तबकडीचे नाव ‘पॅट्सी क्लाइन’ इतकेच होते. दोन बाजूंस सहा-सहा अशी बारा गाणी होती. काही गाण्यांचे मुद्रण नॅशव्हिलला झाले, काहींचे न्यूयॉर्कला. एकूण वेळ अर्ध्या तासाच्या आसपास.

ती आज ऐकताना प्रथम मनात भरतो तो आवाज. चोवीस वर्षांच्या मुलीचा हा गळा खालच्या स्वरांत प्रौढ बाईसारखा भरलेला आहे, आणि वरच्या स्वराकडे जाताना मध्येच जो हलका कंप येतो तो रडण्याच्या अगदी काठावर येऊन थांबतो. शब्द सोडण्यापूर्वी ती जो किंचित विलंब लावते, तो कोणत्याही गुरूकडे शिकता येण्याजोगा नाही. म्हणजे पुढे जगाने जिची वाहवा केली ती गायिका या तबकडीत पूर्णपणे हजर आहे. उणीव आहे ती गाण्यांची. ‘थ्री सिगरेट्‌स इन अॅन अॅशट्रे’ यासारखे एखादे गाणे एका लहानशा चित्रात साऱ्या वियोगाची कथा सांगते, आणि तेथे पॅट्सी त्या संधीचे सोने करते. परंतु पुष्कळशी गाणी साच्यातून काढल्यासारखी आहेत. काही कंट्रीकडे झुकतात, काही त्या वर्षी गाजत असलेल्या रॉक अँड रोलकडे, काही शहरी प्रेमगीतांकडे. ही गायिका कोण, हे तबकडी काढणाऱ्यांनी ठरविलेलेच नाही असे ऐकणाऱ्याला वाटते. भरजरी शालू विणणाऱ्या कारागिराला बाजारातील उरलेसुरले सूत आणून द्यावे, आणि त्याने ते मुकाट्याने हातमागावर चढवावे, तसा हा प्रकार आहे.

तबकडीला विक्रीच्या याद्यांत स्थान मिळाले नाही. त्यानंतर १९५७ अखेरपासून १९६० अखेरपर्यंत पॅट्सीचे एकही गाणे त्या याद्यांत चढले नाही. फोर स्टारच्या करारात तिने एकंदर एक्कावन्न गाणी मुद्रित केली. त्यांपैकी लोकांच्या मनात ठसले ते जवळजवळ एकच. टाळ्यांच्या यंत्राचा काटा वर चढून तीन वर्षे होत आली, आणि ती पुन्हा गावोगावचे कार्यक्रम करू लागली होती. मध्यंतरी सप्टेंबर १९५७ मध्ये चार्ली डिक याच्याशी तिने दुसरा विवाह केला, १९५८ साली मुलगी झाली, १९५९ साली बिऱ्हाड नॅशव्हिलला हलले, आणि जानेवारी १९६० मध्ये ऑप्रीने तिला सदस्य करून घेतले. बारा वर्षांपूर्वी न उघडलेले दार उघडले; परंतु गाण्याचे दार अजून बंदच होते.

कागद बदलला

१९६० साली फोर स्टारच्या कराराची मुदत संपली. पॅट्सीने डेक्काशी सरळ करार केला. १६ नोव्हेंबर १९६० रोजी ती ब्रॅडलींच्या त्याच स्टुडिओत उभी राहिली. आता ब्रॅडलींना साऱ्या नॅशव्हिलमधील गीतकारांची दारे ठोठावता येत होती. त्यांनी हँक कॉक्रन आणि हार्लन हॉवर्ड यांचे ‘आय फॉल टू पीसेस’ हे गाणे पुढे केले. इतर गायकांनी ते आधी नाकारले होते, आणि पॅट्सीलाही ते प्रथम रुचले नाही. ऑगस्ट १९६१ मध्ये ते कंट्री गाण्यांच्या यादीत पहिले आले. त्याच वर्षी जून महिन्यात मोटारीच्या भीषण अपघातात ती मरता मरता वाचली. कुबड्या घेऊन ती पुन्हा स्टुडिओत आली आणि विली नेल्सन या तेव्हाच्या अप्रसिद्ध गीतकाराचे ‘क्रेझी’ हे गाणे तिने मुद्रित केले. तेही तिला आरंभी आवडले नव्हते. आज तिचे नाव काढले की जगभर आठवते ते हेच गाणे. २९ नोव्हेंबर १९६१ रोजी ऑप्रीच्या मंडळीबरोबर ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गाइली.

वाचकांनी आता दोन्ही पारडी समोर ठेवावीत. १९५६ च्या नोव्हेंबरात आणि १९६० च्या नोव्हेंबरात गळा एकच, संयोजक एकच, शहर एकच. चार वर्षांच्या अनुभवाने गळा अधिक पिकला, ब्रॅडलींची हातोटी अधिक सफाईदार झाली, रॉक अँड रोलचा पहिला पूर ओसरला, हे सारे मान्य. परंतु सर्वांत मोठा फरक होता तो गाण्यांच्या आवाराचा. पूर्वी एका माणसाच्या कपाटातून निवड करावयाची होती; आता साऱ्या शहरातून. आणि तीन मोठ्या गाण्यांपैकी तिन्ही गाणी गायिकेला प्रथम नको होती, ही वस्तुस्थिती आमच्या मते या कथेचे मर्म सांगते. कलावंताच्या स्वातंत्र्याचा अर्थ त्याची प्रत्येक इच्छा पुरविणे असा नाही. त्याच्याजवळ एक निरपेक्ष जाणकार असावा, आणि त्या जाणकारापुढे उत्तम सामग्रीचे भांडार खुले असावे, एवढाच त्याचा अर्थ. फोर स्टारच्या कराराने गायिकेची लहर दाबली असे नाही. त्याने तिच्या गुणग्राहकाचे हात बांधले.

हे भाग्य तिला फार काळ लाभले नाही. ५ मार्च १९६३ रोजी टेनेसीतील कॅम्डेन गावाजवळ विमान कोसळून तिचा अंत झाला. वय वर्षे तीस. हयातीत तिच्या तीनच लाँग प्ले तबकड्या निघाल्या: १९५७, १९६१ आणि १९६२ साली. १९७३ साली ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’मध्ये तिचा समावेश झाला; एकटीच्या नावावर हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. १९६७ साली काढलेल्या तिच्या निवडक गाण्यांच्या संग्रहाच्या प्रती पुढे एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक खपल्या. आणि फोर स्टारच्या काळातील ती एक्कावन्न गाणी? नाव मोठे झाल्यावर तीच गाणी निरनिराळ्या वेष्टनांत, निरनिराळ्या नावांनी, स्वस्त तबकड्यांवर पुनःपुन्हा विकली गेली. कागदाचे आयुष्य माणसाच्या आयुष्याहून मोठे असते.

कायदा काय म्हणतो

गायिका आणि करार यांचा संबंध कायद्याच्या ग्रंथांत पॅट्सीच्याही आधी शंभर वर्षे येऊन गेला आहे. १८५२ साली लंडनमध्ये योहाना वाग्नर या गायिकेने एका नाट्यगृहाशी केलेला करार मोडून दुसरीकडे गाण्याचे ठरविले. न्यायालयाने सांगितले की, तिला गावयास भाग पाडणे आमच्या हाती नाही. परंतु अन्यत्र गाऊ नकोस असा मनाईहुकूम आम्ही देऊ शकतो. हाच न्याय आपल्याकडे १८७७ च्या विशिष्ट अनुतोषाच्या कायद्यात ५७ व्या कलमाखाली चक्क गायकाचेच उदाहरण घेऊन आला, आणि १९६३ च्या कायद्यातील ४२ वे कलम तेच तत्त्व पुढे चालविते. म्हणजे कायदा गळा उघडू शकत नाही. तो बंद मात्र करू शकतो.

याची दुसरी बाजू इंग्लंडच्या सरदारसभेने १९७४ साली मांडली. मॅकॉले नावाच्या तरुण गीतकाराने एकविसाव्या वर्षी एका प्रकाशकाशी करार केला होता. त्याने आपली सर्व गाणी प्रकाशकाला द्यावयाची. प्रकाशकावर मात्र एकही गाणे प्रसिद्ध करण्याचे बंधन नाही. असा एकतर्फी करार उद्योगावर अवाजवी निर्बंध घालणारा असल्याने तो अंमलात आणता येणार नाही, असे सरदारसभेने ठरविले. हा निर्णय पॅट्सीच्या करारानंतर वीस वर्षांनी आला. तिच्या काळी असे कोणी बोलले असते तर कदाचित पहिली तबकडी निराळी झाली असती.

भारतात ज्या वर्षी प्रतिलिपी-अधिकाराचा कायदा संमत झाला ते वर्षही १९५७ च, आणि तो अंमलात आला तो २१ जानेवारी १९५८ रोजी, पॅट्सीच्या विजयाला बरोबर एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी. त्या कायद्यात गीतकाराला हक्क होता, संगीतकाराला होता, तबकडी काढणाऱ्याला होता. गाणाऱ्याला नव्हता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ सालच्या एका निकालपत्रात या उणिवेवर बोट ठेवले. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क कायद्यात आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरावरील रॉयल्टीचा त्याचा अधिकार स्पष्ट झाला. इतका हा रस्ता लांबचा होता.

आमच्या अंगणात

आज हा प्रश्न परका राहिलेला नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली सुरू झालेल्या एका स्पर्धेचा साचा अमेरिकेत आणि भारतात आला. २००५ च्या मार्चमध्ये मुंबईचा अभिजीत सावंत ‘इंडियन आयडॉल’ जिंकला आणि त्याच वर्षी त्याचा पहिला संग्रह निघाला. अमेरिकेतही त्याच वर्षी ओक्लाहोमाच्या चेकोटा गावची कॅरी अंडरवुड ही कंट्री गायिका त्याच साच्याच्या स्पर्धेत पहिली आली आणि नोव्हेंबरात तिचा ‘सम हार्ट्‌स’ हा संग्रह बाहेर पडला. तिला उत्तम गीतकार मिळाले, आणि तो संग्रह अफाट खपला. पुढे २००८-०९ साली मराठीत ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ झाली आणि घराघरांतून लहान मुलांच्या गाण्यावर मते पडू लागली.

मुलांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली ठरविले. मुलांचे रक्षण हा त्यातील हेतू. परंतु १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात याच नियमाची दुसरी धार दिसली. एका अल्पवयीन अभिनेत्रीच्या वतीने वडिलांनी चित्रपट-निर्मात्याशी करार केला होता. निर्मात्याने भूमिका दुसरीला दिली. आणि करारच शून्य असल्याने ना मुलीला दाद मागता आली ना वडिलांना. तेव्हा ‘कागदावर आम्ही आई-बापांनी सही केली आहे, आता चिंता नाही’ असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्या पालकांनी हा निकाल एकदा कोणा जाणत्याकडून समजावून घ्यावा.

आमच्या देवस्थानांच्या उत्सवांतून आजही पहिल्यांदा गाणारी मुले-मुली उभी राहतात. मंडपात बसलेल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या गळ्याची पारख असते. उद्या त्यांपैकी कोणी मोठ्या स्पर्धेत गेले तर सारा गाव कौतुकाने मते देईल, आणि ते योग्यच होईल. परंतु तेवढ्यावर आपले कर्तव्य संपले असे गावाने समजू नये. सहीपूर्वी कागद कोणी वाचला? गाणी कोण निवडणार? किती वर्षांसाठी? मुदत वाढविण्याचा अधिकार कोणाकडे, आणि मुद्रणे पुढे कोणाच्या नावावर राहणार? हे चार प्रश्न विचारणारा एखादा काका, एखादा शिक्षक, एखादा गावचा वकील त्या मुलाच्या पाठीशी उभा राहिला, तर त्याची किंमत हजारो टाळ्यांहून अधिक होईल.

हिल्डाबाईंनी मुलीसाठी पोशाख शिवले, तिला घेऊन न्यूयॉर्क गाठले, शोधक म्हणून ती जगापुढे उभी केली. एका शिवणकाम करणाऱ्या आईच्या हातून जे होण्यासारखे होते ते सर्व तिने केले. करारनामा वाचून दाखविणारे कोणी त्या घरात नव्हते. विंचेस्टरच्या साउथ केंट स्ट्रीटवरील ते लहानसे घर २०११ पासून संग्रहालय म्हणून लोकांना पाहावयास खुले आहे, आणि पॅट्सीची ती पहिली तबकडीही आज कोणालाही ऐकता येते. जिज्ञासूंनी ती ऐकावी, आणि लगेच तिची १९६१ ची गाणी ऐकावीत. दोहोंमधील अंतर गळ्याचे फार थोडे आहे. बाकीचे सारे त्या एका कागदाचे आहे.